एका वाटेचे वर्ष : सत्तरीच्या रानातील छायाचित्र-प्रकल्पाच्या नोंदी

६ जून २०२४

गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) मागून रानात शिरणारी एक पायवाट आहे. पुढच्या मिरगापर्यंत ही एकच वाट चालायची आणि हिचीच छायाचित्रे घ्यायची, असे आज निश्चित केले. गेली आठ वर्षे मी बोंडला, मोले, नेत्रावळी, खोतीगाव अशी हिंडत आले. सुट्टी मिळाली की नवे रान, नवी वाट, नवी छायाचित्रे. परवा ती सारी संगणकावर उघडून बसले तेव्हा ध्यानात आले की त्यांतल्या एकाही झाडाला मी दुसऱ्यांदा भेटलेले नाही. कोणता ओढा कोणत्या तालुक्यातला हेही तारीख पाहिल्याशिवाय मला सांगता येईना. रानाने मला भुरळ घातली होती हे खरे. परंतु त्या रानाशी माझी ओळख झाली नव्हती.

वाटेची लांबी सुमारे १.४ किलोमीटर आहे. पोफळीच्या बागेतून निघून ती व्हाळ (ओढा) ओलांडते, ऐन-किंदळाच्या चढाला लागते आणि देवराईच्या कडेशी थांबते. तिच्यावर मी नऊ स्थाने ठरवली आहेत. प्रत्येक स्थानावरून दर खेपेस त्याच दिशेने आणि त्याच उंचीवरून एक छायाचित्र घ्यायचे. उंचीसाठी सुतळीला १२० आणि ४० सेंटिमीटरवर दोन गाठी मारल्या आहेत. झाडांवर रंगाची खूण करायची नाही. खुणेसाठी जांभ्या दगडाचा उंचवटा, कुंभ्याच्या खोडावरचा जुना व्रण, वारुळ अशा असलेल्याच गोष्टी वापरायच्या.

वाट अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमानुसार परवानगी लागते, आणि मला तर रात्रीही जायचे आहे. कुळागराचे मालक काका आणि देवराई सांभाळणारी गावकर मंडळी यांना विचारून घेतले आहे. देवराईतून पान-काडीही बाहेर आणायची नाही, ही त्यांची अट मला आधीपासूनच मान्य होती. गावाचे नाव या वहीत लिहिणार नाही. ज्या जागेचे नाव फुटते तिथे चार महिन्यांत गाड्यांची रांग लागते, हे मी दोन धबधब्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

आजची फेरी कॅमेऱ्याविना केली. जाऊन यायला पन्नास मिनिटे लागली.

८ जून २०२४

काल मिरग लागला. व्हाळात अजून पाणी नाही, मात्र त्याच्या तळाचे दगड ओले होऊन काळे पडले आहेत. वाटेवरच्या मातीत मखमली लाल मिरगाचे किडे निघाले आहेत. मुलांनी पावले जपून टाकावीत म्हणून काकी त्यांना ओरडून सांगत होत्या.

नऊ स्थानांची पहिली छायाचित्रे घेतली आणि ती सगळी गरजेपेक्षा उजळ आली. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. रानातली ओली खोडे व सावली त्याला दिसली की तो ती उजळून मध्यम करून टाकतो, आणि ज्या काळोखासाठी आपण तिथे थांबलेलो असतो तोच नाहीसा होतो. प्रकाश एक टप्पा, म्हणजे निम्म्यावर, उतरवून पुन्हा घेतली, तेव्हा रान रानासारखे दिसू लागले. कॅमेऱ्यासह याच वाटेला आज तीन तास लागले.

२३ जून २०२४

पाऊस दिवसभर. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याला सत्तरीत त्याहून बराच अधिक. आज त्या आकड्याचा अर्थ छत्रीवर ऐकू येत होता. जळवा निघाल्या आहेत. मोज्यांवरून पायजम्याची टोके बांधली आणि मिठाची पुरचुंडी खिशात ठेवली, तरी परतल्यावर अकरा मोजल्या. जळूची भीती पहिल्या दोन-तीन खेपांपुरतीच असते. त्यानंतर ती पानाच्या टोकावर उभी राहून आपला माग कसा काढते हे पाहण्यासाठी मी थांबू लागले.

आजचे काम ध्रुवक फिल्टरचे, म्हणजे भिंगापुढे लावायच्या चकाकी कापणाऱ्या काचेचे, होते. पावसात रान सर्वांत हिरवे दिसते असे आपण म्हणतो, पण छायाचित्रात ते पांढुरके येते, कारण ओल्या पानांवर आभाळाचे प्रतिबिंब पडलेले असते आणि पानाचा स्वतःचा रंग त्या चकाकीखाली दबून जातो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करतो तेव्हा तो जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) झालेला असतो. त्या कोनातून पाहत फिल्टरचे कडे हळूहळू फिरवले की एका विशिष्ट बिंदूला चकाकी विरते आणि पानाचा हिरवा रंग आतून वर येतो. स्थान ३ वरच्या भेरली माडाच्या पानांवर हे प्रथम घडले तेव्हा मी कडे पुढे-मागे फिरवत कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. मात्र फिल्टर पूर्ण कोनात लावला की पान कोरडे वाटू लागते. पाऊस दाखवायचा आणि पावसाची चकाकी पुसायची, हे दोन्ही एकदम साधत नाही. शेवटी कडे अर्ध्यावर ठेवले. फिल्टर दीड टप्पा प्रकाश खातो. छताखाली आधीच इतका अंधार, की शटर अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागले. त्यामुळे वाऱ्याने हललेली पाने धूसर आली आणि तीच मला अधिक आवडली.

५ जुलै २०२४

अमावास्या. चमकणाऱ्या बुरशीच्या शोधातला पहिला प्रयत्न फसला.

म्हादई नदीच्या खोऱ्यात मायसिना वंशातील अशी बुरशी पावसाळ्यात कुजणाऱ्या लाकडावर वाढते आणि काळोखात मंद प्रकाशते. काकांना ती लहानपणापासून ठाऊक आहे. ते आणि त्यांचा पुतण्या असे आम्ही तिघे रात्री साडेआठला निघालो. स्थान ४ पाशी व्हाळाकाठी एक मोठा ओंडका पडलेला आहे. तिथे विजेऱ्या विझवून बसायचे ठरले होते, परंतु दर दोन-तीन मिनिटांनी कोणीतरी काही सळसळले म्हणून विजेरी लावी. काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सारी कमाई पुसून टाकतो. चाळीस मिनिटांत आम्ही पुन्हापुन्हा शून्यावर आलो.

निघताना मला ओंडक्याच्या खालच्या अंगाला फिकट डागासारखे काही भासले. घाईने कॅमेरा लावला. घरी येऊन पाहिले तर छायाचित्रात एक हिरवट धूर होता. फोकस चुकला होता आणि भिंगावर आतून बाष्पही धरले होते. पुढच्या खेपेस विजेरीला लाल कागद लावायचा. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या आपल्या दंडपेशींना लांब तरंगाचा लाल उजेड जवळपास जाणवत नाही, त्यामुळे मिळवलेला काळोख टिकतो.

२१ जुलै २०२४

पौर्णिमा असल्याने रात्रीचे काम नाही. दिवसा स्थाने १ ते ५ झाली. पुढे व्हाळ कमरेच्या वर असल्याने काकांनी परतवले.

एका भिंगात बुरशीचे तंतू आढळले. ते दुरुस्तीला दिले होते. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा तंतू गेले होते, पण पुढच्या काचेवर ओरखडा आला होता. दुकानाने जबाबदारी घेतली नाही. भिंग ५० मिलिमीटरचे, जुने आणि माझे सर्वांत लाडके होते. आता सारी उपकरणे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवते आणि डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहते की नाही हे रोज सकाळी पाहते.

४ ऑगस्ट २०२४

दीप अमावास्या. संध्याकाळी आईने समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडली, कणकेचे दिवे केले, आणि त्या उजेडातून उठून मी रानात गेले.

या खेपेस मी व काका असे दोघेच होतो. दिवस मावळण्यापूर्वीच स्थान ४ गाठले, म्हणजे सगळी मांडामांड उजेडातच झाली. ट्रायपॉड ४० सेंटिमीटरच्या गाठीवर लावला, १०० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग चढवले, ओंडक्याच्या खालच्या बाजूला उगवलेल्या, नखाहूनही लहान अशा छत्र्यांच्या एका झुबक्यावर हाताने फोकस केला आणि कडे फिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. मग विजेऱ्या विझवून बसलो. पाऊस नव्हता, पण झाडांवरून पाणी ठिबकत होते. दहा मिनिटे डोळ्यांपुढे नुसता काळोख. वीस मिनिटांनी आभाळाचा तुकडा आणि झाडांचा आकार वेगवेगळे झाले. काकांनी माझ्या कोपराला स्पर्श करून हळूच म्हटले, "बाई, सरळ बघू नका. बाजूला बघा."

दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतात. म्हणून अंधुक वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिले की दिसते. हे मी वाचलेले होते; काकांनी ते रानात बसून शिकलेले होते. मी ओंडक्याच्या उजवीकडे नजर ठेवली आणि डावीकडे काहीतरी प्रकट झाले. आधी एक पुसट रेघ, मग तिच्याखाली दुसरी, मग ओंडक्याची सबंध कड. ज्या झुबक्यावर मी फोकस केला होता तो तर होताच, पण ज्याकडे दिवसा माझे लक्षही गेले नव्हते ते आतून भुसभुशीत झालेले लाकूडही प्रकाशत होते. पाचोळ्यात दोन-तीन काटक्या वेगळ्या पडल्या होत्या, त्याही. त्या उजेडात काही वाचता येत नाही, हातही दिसत नाही. तो कशावर पडत नाही, केवळ असतो.

हा प्रकाश लाकूड कुजवणाऱ्या बुरशीच्या पेशींमध्ये निर्माण होतो. ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य, त्याला साहाय्य करणारे विकर आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगातून उष्णता जवळजवळ न होता उजेड होतो. काजव्यासारखी उघडझाप त्यात नाही. बुरशी जिवंत व ओली आहे तोवर तो मंद पाझरत राहतो.

तांत्रिक नोंद अशी. चाचणीसाठी ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदना) ६४००, शटर ३० सेकंद. एवढ्यात आकार दिसला. आयएसओ १६०० वर उतरायचे तर १२० सेकंद हवेत. झुबक्यातल्या पुढच्या-मागच्या छत्र्या दोन्ही स्पष्ट याव्यात म्हणून छिद्र लहान करून एफ/५.६ वर गेले, म्हणजे आणखी चौपट, ८ मिनिटे. लांब उघडझापेत सेन्सर तापून रंगीत ठिपके उठतात. ते वजा करण्यासाठी कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून आणखी एक फ्रेम घेतो. एका छायाचित्राला एकूण १६ मिनिटे. दोन तासांत सहा झाली. त्या प्रत्येक १६ मिनिटांत करण्यासारखे काहीही नव्हते, आणि इतकी वर्षे मी रानात जे शोधत होते ते त्या काही न करण्यात मला सापडले, असे आज वाटते आहे.

छायाचित्रात बुरशी गडद हिरवी आली. डोळ्यांना ती राखी-पांढरी दिसली होती, कारण दंडपेशींना रंग कळत नाहीत. तिचा प्रकाश ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा आहे, म्हणजे खरोखरच हिरवा. मग खरे काय, मी पाहिले ते की कॅमेऱ्याने पाहिले ते? वर्ष सरल्यावर ग्रंथालयात भरवायच्या प्रदर्शनात दोन ठसे (छापील छायाचित्रे) शेजारी लावायचे ठरवले आहे : एक कॅमेऱ्याच्या हिरव्या रंगात आणि दुसरा माझ्या डोळ्यांना दिसला तितकाच अंधुक, रंगहीन. दुसऱ्यापुढे लोक थांबणार नाहीत असे पुतण्याचे म्हणणे आहे. तरीही तो लावायचा.

७ सप्टेंबर २०२४

चवथ. काकांच्या घरी माटोळी बांधताना गेले. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली व परसातली फळे, फुले, वेली बांधण्याची ही गोव्याची रीत मी जन्मापासून पाहते आहे. आज मात्र तिच्याकडे पाहताना माझीच वाट उलटी होऊन छताला लागलेली दिसली. स्थान २ वरची कवंडळे, स्थान ५ च्या उघड्यावरच्या घागऱ्या, कुंपणावरची फागला, वरच्या चढावरची माट्टी. ज्या गोष्टींची मी तीन महिने केवळ क्रमांकाने नोंद करत होते, त्यांना काकी नावाने हाक मारत होत्या.

माट्टीचे फळ त्यांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "पंख मोजा." पाच पंख होते. माट्टी म्हणजेच ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल मी निदान पन्नासदा टिपली असेल, पण त्याचे फळ मी कधी हातात घेतले नव्हते. वाऱ्यावर भिरभिरत जावे म्हणून त्या फळाला पंख आहेत. ते कोणत्या दिवसांत धरते आणि झाडावर नेमके कुठे शोधायचे, हे काकींना माटोळीमुळे माहीत. रान ओळखण्याची ही एक वार्षिक परीक्षाच आहे आणि ती घरोघरी बायका-पुरुष पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. हल्ली माटोळीचे सामान बाजारात सहज विकत मिळते. त्यात गैर काही नाही, परंतु विकत घेतलेल्या माट्टीबरोबर तिचे झाड येत नाही, याची मला हळहळ वाटते.

माटोळीचे छायाचित्र खाली पाटाजवळ आडवे होऊन, भिंग सरळ वर रोखून घेतले. प्रकल्पातले हे घरातले एकमेव छायाचित्र आहे आणि त्याला मी स्थान १० म्हणून नोंदवले आहे.

१३ ऑक्टोबर २०२४

पाऊस ओसरला. वाटेवर आडवी जाळी विणून रानातले मोठे कोळी बसले आहेत. तळहाताएवढी मादी आणि तिच्या जाळ्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा नर. जाळ्याचा धागा सोनेरी असतो, पण तो रंग सूर्य समोर असल्याशिवाय छायाचित्रात येत नाही. जाळे मोडावे लागू नये म्हणून स्थान ६ पाशी वाट सोडून वळसा घेतला. त्या वळशावर उडता सरडा भेटला. मानेखालची पिवळी पिशवी उघडमीट करत तो किंदळाच्या खोडावर वर सरकला आणि मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पंख पसरून पलीकडच्या झाडावर गेला.

१ डिसेंबर २०२४

धुके. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. मी सहाला स्थान ७ वर होते. पोफळीच्या बागेतून चढून आलेले धुके ऐनाच्या खोडांमध्ये अडकून राहते आणि सूर्य वर आला की त्यातून तिरपे पट्टे उतरतात. हे दृश्य कोणत्याही छायाचित्रात सुंदरच येते, त्यामुळे मी त्याबाबत थोडी सावध आहे. एक घेतले आणि थांबले.

त्यानंतरचा तास अधिक मोलाचा ठरला. कर्णा पक्ष्याची जोडी या पट्ट्यात आहे हे त्यांच्या खालच्या स्वरातल्या शिळेवरून नोव्हेंबरपासून माहीत होते. तो किरमिजी पोटाचा, पण माणसाकडे पाठ करून बसतो आणि त्याची तपकिरी पाठ वाळल्या फांदीत मिसळून जाते. काका वाटेवर मागून आले, क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "आज रान ओगी आहे. चालू नका, बसा." ओगी म्हणजे गप्प. मला ते नुसतेच शांत वाटत होते. काकांना त्या शांततेत कोणते आवाज असायला हवे होते आणि ते नाहीत, हे ऐकू येत होते. आम्ही बसलो. वीस-बावीस मिनिटांनी वरून शिकारी पक्षी निघून गेला, प्रथम बुलबुल बोलले, मग शेकरूने खडखडाट केला, आणि मग कर्णा आमच्यापासून आठ मीटरवर येऊन समोर तोंड करून बसला. कॅमेरा मांडीवर होता. तो उचलला असता तर पक्षी उडाला असता, म्हणून उचलला नाही. नोंद : छायाचित्र नाही, पाहण्याचा कालावधी सुमारे सात मिनिटे.

काका निघून गेल्यावर चालण्याकडे लक्ष दिले. आधी टाच की आधी चवडा, वाळले पान कुठे आहे, श्वास किती मोठा आहे. सहा महिन्यांपूर्वी या वाटेवर माझ्या पुढे माझा आवाज चालत असे.

१२ जानेवारी २०२५

एक दिवस वाट सोडून बांबर येथील निरंकाराच्या राईत गेले, कारण स्थान ९ ची देवराई समजून घ्यायला तुलनेची गरज होती. ही राई म्हणजे रानजायफळाची दलदल आहे. पाण्याने गच्च भरलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून रानजायफळाची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली जातात. उभ्याने पाहिले तर ती वेडीवाकडी वाटतात. कॅमेरा ४० च्या गाठीवर उतरवला तेव्हा ती एकामागे एक, ओणवून बसलेल्या माणसांसारखी दिसली. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही तो. अशा देवाच्या रानात चौकट घेऊन हिंडताना मला संकोच झाला आणि बाराच छायाचित्रे घेऊन मी बाहेर आले.

९ फेब्रुवारी २०२५

पानगळ. स्थाने ५ ते ८ ओळखू येईनाशी झाली आहेत. जून आणि फेब्रुवारीचे ठसे शेजारी ठेवले तर ते एकाच जागेचे आहेत यावर विश्वास बसत नाही. खाली कुळागर मात्र पाटाच्या पाण्यावर हिरवेगार आहे. सावर फुलली आहे.

देवराईच्या कडेच्या जुन्या झाडावर धनेशाची ढोली आहे. मादी आत शिरून तोंड लिंपून घेते, केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पुढचे काही महिने नर त्या फटीतून तिला व पिल्लांना भरवतो. नर एकदा बिथरून यायचा थांबला तर आतल्या सर्वांचा जीव धोक्यात येतो. या ढोलीचे छायाचित्र घ्यायचे नाही असे ठरवले, आणि स्थान ९ ची दिशा या हंगामापुरती १८० अंशांत फिरवली. मागे एका रानात मी एका गटाला भ्रमणध्वनीवर पक्ष्याची ध्वनिमुद्रित हाक पुन्हापुन्हा वाजवून त्याला समोर आणताना पाहिले होते. पक्षी आपल्या हद्दीत परका आला या समजुतीने घाबराघुबरा होऊन धावत येत होता आणि त्याच क्षणी शटर उडत होती. त्यांची छायाचित्रे उत्तम आली असणार. मी तेव्हा काही बोलले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

२२ मार्च २०२५

गावकऱ्यांबरोबर वाटेच्या वरच्या अंगाला पाचोळा लोटून जाळरेषा (आग पसरू नये म्हणून राखलेला पट्टा) मोकळी केली. कॅमेरा पिशवीत राहिला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि भोवतालच्या डोंगरांवर दिवसच्या दिवस आगी पेटत राहिल्या होत्या आणि त्या विझवायला हेलिकॉप्टरने पाणी ओतावे लागले होते. तेव्हापासून मार्च लागला की या गावात रात्री डोंगराकडे पाहूनच दारे लावतात.

कोशिंबाला नवी पालवी फुटली आहे, लालभडक. हिरवे द्रव्य पूर्ण तयार होईपर्यंत कोवळ्या पानाला उन्हापासून तो लाल रंग सांभाळतो. पान उन्हासमोर धरून, प्रकाश त्यातून पार येईल असे छायाचित्र घेतले तर लाल रंगाच्या आत हिरव्या शिरांचे जाळे दिसते. वर्षभरातले माझे सर्वांत आवडते दिवसाचे छायाचित्र बहुधा हेच ठरेल.

१७ मे २०२५

काजवे. चंद्र उशिरा उगवणार असल्याने संध्याकाळनंतरचे अडीच तास काळोखाचे मिळाले. स्थान ४ ते ६ दरम्यानची झाडे लुकलुकत होती.

काजव्यांची छायाचित्रे घेण्याची रूढ पद्धत म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवून शेकडो फ्रेम घ्यायच्या आणि त्या एकावर एक रचायच्या. मीही १८० फ्रेम घेतल्या व रचून पाहिल्या. रान दिव्यांनी भरून गेले, परंतु तसे रान कोणीही कधीही पाहिलेले नाही. काजव्याचे सौंदर्य तो विझण्यात आहे. एक लुकलुक जाते आणि पुढची कुठे येईल याची वाट पाहताना आपण श्वास रोखतो. म्हणून ऑगस्टमध्ये घेतलेलाच निर्णय इथेही लावला. प्रदर्शनात २० सेकंदांची एकच फ्रेम जाईल. तिच्यात चौदा ठिपके आहेत.

२७ मे २०२५

यंदा पावसाने मिरगाची वाट पाहिली नाही. २४ मे रोजी तो केरळात पोहोचला आणि लगोलग आपल्याकडे. व्हाळ वाहू लागला आहे. गेल्या वर्षी ८ जूनला घेतलेली नऊ छायाचित्रे पावसाच्या सुरुवातीलाच पुन्हा घेता यावीत म्हणून आज सगळी स्थाने केली. स्थान ६ चा किंदळ वादळात मोडला आहे. तिथे आता आभाळ दिसते आणि प्रकाशमापक प्रथमच अधिकचा आकडा दाखवतो. स्थान ८ ची वारुळाची खूण निम्मी वाहून गेली. बाकी सुतळीच्या गाठी जागच्या जागी आहेत.

प्रदर्शनाची चर्चा काकांच्या ओसरीवर झाली. ग्रंथालयाच्या भिंतींवर खिळे ठोकण्यापेक्षा माटोळीसारखी लाकडी चौकट टांगून तिला ठसे बांधावेत, म्हणजे लोकांना मान वर करून पाहावे लागेल, असे काकींनी सुचवले, आणि सुतार त्यांच्या माहितीतला आहे.

ठरल्याप्रमाणे शेवटची फेरी कॅमेऱ्याविना केली. गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीला पन्नास मिनिटे लागली होती. आज दोन तास चाळीस मिनिटे लागली. अंधार पडल्यावर स्थान ४ पाशी बसले. ओंडका आता दोन तुकड्यांत आहे आणि वरचा भाग हातात घेतला तर चुरा होतो. बाजूला पाहत अर्धा तास थांबले. उजेड नव्हता. मात्र व्हाळाच्या पलीकडे गेल्या पावसात पडलेल्या जांभळाच्या फांद्यांची साल सुटू लागली आहे आणि त्यांच्याखाली ओल धरली आहे. त्यांच्यासाठी ट्रायपॉड पाण्यात उभा करावा लागेल, म्हणून सुतळीला ६५ सेंटिमीटरवर तिसरी गाठ मारली. पुढची अमावास्या २५ जूनला आहे.